लेकरांना थोडं एकटं खेळू द्या

मा. संपादक,

माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे, लातूरला आमच्याकडंच असतो, आणि घरात कुणी ना कुणी सतत त्याच्या मागं, हे नको करू, इकडं ये, पडशील, आणि जरा रडला की मोबाईल हातात. मागच्या महिन्यात सूनबाईंनी ठरवलं की रोज अर्धा तास त्याला वसरीवर त्याचं त्याचं खेळू द्यायचं, आपण आत स्वयंपाकघरात, कान तिकडं, पण मधे बोलायचं नाही. पहिले दोन दिवस नुसता आई आई. आता डबे, झाकणं, जुनी चाळणी घेऊन दुकान मांडतो, स्वतःशीच बोलायलाय, पडलेलं परत रचायलाय. मला तर बघून भरून येतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे सांगितलंय की ३-४ वर्षांच्या लेकरांनी दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि स्क्रीन एक तासापेक्षा जास्त नको. मग खेळायला मोकळीक नको का?

पण मोकळं सोडणं म्हणजे दुर्लक्ष नाही हो. आपल्याकडं पाणी साठवायला घरोघरी हौद, बॅरल, बादल्या भरलेल्या असतात, लहान लेकरू बादलीतही बुडू शकतं, म्हणून आधी झाकणं पक्की बसवा, फिनेल, गोळ्या, घड्याळातले छोटे सेल वर ठेवा, गच्चीचं दार लावा. पाण्याजवळ मात्र एक मिनिट पण एकटं सोडू नका.

आपल्या पुरवणीत यावर बालरोगतज्ज्ञांचा लेख छापावा ही विनंती.

- एक आजी, लातूर