बंबावरचा वॉकीटॉकी चार्ज कुणी ठेवायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सेवा सप्ताह नुकताच पार पडला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला धावलेले ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. आमच्याकडेही केंद्रात साहित्य मांडले होते, म्हणून मुद्दाम पाहायला गेलो. होज (पाण्याचा पाइप), ब्रँच (त्याच्या टोकाची तोटी), बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायचे उपकरण), सगळे घासूनपुसून ठेवलेले. टेबलाच्या कडेला वॉकीटॉकीची ओळ. एक उचलून नॉब फिरवला, आवाज नाही. दुसराही तसाच. ड्युटीवरचा मुलगा म्हणाला, “काका, चार्जिंग राहिलं असेल.”

मी विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या बंबावर चालक-यंत्रचालक म्हणून सत्तावीस वर्षे काढली. “राहिलं असेल” हे शब्द ऐकून घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

एका मार्चमध्ये रात्री कापसाच्या जिनिंगला आग लागल्याची वर्दी आली होती. रुईच्या गाठी वरून विझल्या तरी आतून धुमसत राहतात, त्यामुळे रात्रभर पाणी मारावे लागते. पोरे शेडच्या पलीकडे आणि मी अलीकडे पंपाच्या पॅनलवर, मध्ये धूर. लीडिंग फायरमनने (तुकडीच्या म्होरक्याने) सेटवर, म्हणजे वॉकीटॉकीवर, “प्रेशर वाढव” सांगितले, मी वाढवले. थोड्या वेळाने ब्रँच घेऊन ते गाठींवर चढू लागले आणि त्यांनी “कमी कर” म्हणून सांगितले. त्यांच्या सेटने तीनदा टुक टुक केले आणि तो बंद पडला. मला काहीच ऐकू आले नाही. त्या प्रेशरने ब्रँचवरचे दोघे उताणे फेकले गेले आणि एकाचा खांदा निखळला. केंद्रात परतल्यावर उलगडा झाला. संध्याकाळी वॉचरूममध्ये (वर्दी घ्यायच्या खोलीत) कुणीतरी मोबाइल लावण्यासाठी चार्जरची पिन काढली होती. त्या माणसाला मी आजही दोष देत नाही. त्या खोलीत चालू सॉकेटच दोन होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की सेटचा चार्जर वॉचरूममध्ये नको, गाडीवर हवा. होज, शिडी जशी गाडीची, तसा सेटही गाडीचाच. वर्दी आली की तो गाडीबरोबरच निघाला पाहिजे आणि भरलेलाच निघाला पाहिजे.

मात्र गाडीवर चार्जर बसवणे म्हणजे दोन वायरी जोडणे नव्हे. मोठा बंब २४ व्होल्टचा असतो, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. बरेच चार्जर १२ व्होल्टचे येतात. मग वायरमन सरळ एकाच बॅटरीवरून वायर ओढतो. माझ्या गाडीवर हेच झाले होते. एक बॅटरी सारखी उतरत राहते, तर दुसरीला जास्त चार्ज बसतो, आणि वर्षभरात दोन्ही जातात. यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच लागतो, किंवा मुळात २४ वर चालणारा चार्जर घ्यावा.

दुसरी अडचण किल्लीची. चार्जर किल्लीवर जोडला, तर सकाळी तपासणीला इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालते तेवढेच चार्जिंग होते, आणि सेटची बॅटरी भरायला दोन-तीन तास लागतात. थेट बॅटरीवर जोडला, तर गाडी दोन-चार दिवस उभी राहिल्यावर सेल्फच मारत नाही. म्हणून व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेले की चार्जर आपोआप बंद करणारा कटऑफ बसवावा लागतो. त्याहून चांगला उपाय परदेशात बऱ्याच ठिकाणी आहे. गाडी उभी असते तिथल्या भिंतीवरून तिला केबलने वीज मिळते आणि सेल्फ मारताच केबल आपोआप सुटते. गाडीची बॅटरीही भरलेली राहते, सेटही भरलेले राहतात. नवीन बंबाच्या निविदेत ही एक ओळ टाकायला काय हरकत आहे?

आमच्याकडच्या उन्हाचाही विचार व्हावा. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मे महिन्यात बंद केबिनमध्ये त्याहून जास्त तापते, तेव्हा चार्जर डॅशबोर्डवर काचेखाली नको, सीटमागे सावलीत हवा.

बॅटरीवर लिहिलेल्या तासांवरही विसंबू नये. ते आकडे सहसा पाच टक्के बोलणे, पाच टक्के ऐकणे आणि उरलेला वेळ शांतता असे धरून काढतात. आगीवर सेट शांत कधी असतो? बोलताना बॅटरी ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च होते. शिवाय दीड-दोन वर्षे रोज वापरली की ती जुनी होते; दिवा हिरवा दाखवते आणि तासाभरात मान टाकते. आमच्या एका सब ऑफिसरसाहेबांनी प्रत्येक बॅटरीवर मार्करने महिना-वर्ष लिहायला लावले होते. हजेरीच्या वेळी प्रत्येक गाडीवरून वॉचरूमला एकदा बोलायचे आणि ते ऑकरन्स बुकात (केंद्राच्या नोंदवहीत) लिहायचे, हाही त्यांचाच नियम. शिसपेन्सिलीच्या खोडरबराने बॅटरीचे पितळी पॉइंट पुसायला त्यांनीच शिकवले. गाडीच्या हादऱ्यांनी आणि धुळीने ते पॉइंट काळे पडतात, मग सेट चार्जरमध्ये बसलेला दिसतो पण भरत नाही. ते असेपर्यंत आमचा एकही सेट जागेवर मेला नाही. त्यांची बदली झाली आणि नियमही गेला.

म्हणून माझी सर्व मुख्याधिकारी आणि अग्निशमन अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. सेट खरेदी करताना बॅटऱ्या बदलण्याची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळी दाखवा, आणि प्रत्येक गाडीवर प्रत्येक सेटमागे एक भरलेली जादा बॅटरी ठेवा. रुग्णवाहिका आणि पुराच्या बोटींबरोबर जाणाऱ्या जीपनाही हेच लागू आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये वीज गेली आणि मोबाइलही बंद पडले, तशा वेळी जवानांच्या हातात हाच एक सेट उरतो. पावसाळ्याला अजून महिना-दीड महिना आहे. कटऑफ आणि कन्व्हर्टर बसवायला चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला एका गाडीमागे एक दिवस पुरतो.

आपला,
एक निवृत्त चालक-यंत्रचालक, विदर्भ