रात्री साडेबाराची शिकार

ओसाका,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

दसऱ्याला माझा फोन आला नाही म्हणून आई दिवसभर कुणाशी बोलली नाही, असं ताईकडून कळलं. आई, यंदा दसरा गुरुवारी आला आणि गुरुवारी इथं कारखाना चालू असतो. सुटल्या सुटल्या फोन केला, तर तुम्ही सगळे सोनं द्यायला बाहेर पडलेले. उचलला आजीनं. मला दाजी समजून ती पाच मिनिटं बोलली आणि मीही तिला सांगायला गेलो नाही. छान बोलली.

शेजारच्या इमारतीत राहणारा मिरजेचा मुलगा दिवाळीला गावी निघालाय. त्याच्याबरोबर हे पत्र, ताईला चहा, आजीला तोंडात विरघळणाऱ्या साखरेच्या गोळ्या आणि बाबांना गुडघ्याला बांधायचा पट्टा पाठवतोय. पट्टा कशाला, ते पुढं येईलच. फोनवर बोलत नाही, कारण फोनवर तुम्ही दोघं एकमेकांकडं बघून उत्तर देता. ते मला इथून कळतं.

माझी तब्येत चांगली आहे. जेवण, गाडी, थंडी हे सगळं सहा वर्षांत लिहून झालंय. भात तोच, मीही तोच.

आता आरोपाकडं येतो. 'विजूनं पन्नास हजारांचा खेळ घेतलाय आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत राक्षस मारत बसतो.' खेळायचं नवं यंत्र इथं ७९,९८० येनला मिळतं, म्हणजे आपले अठ्ठेचाळीस हजार, हे खरं. पण मी नवं घेतलेलंच नाही. कामावरच्या एकानं जुनं काढलं, त्याच्याकडून निम्म्याच्या आसपास घेतलं, आणि तेही उन्हाळी बोनसमधून. घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही. बाबांनी पासबुक बघावं.

खेळाचं नाव 'मॉन्स्टर हंटर'. इथं सगळे नुसतं 'मोनहान' म्हणतात. तो काढणारी कॅपकॉम कंपनी ओसाकाचीच. पहिला खेळ २००४ साली आला. तेव्हा मी पाचवीत होतो आणि शाळा सुटली की आपल्या मागाच्या शेडमध्ये रिकाम्या कांड्या गोळा करत होतो. यंदाचा नवा भाग २८ फेब्रुवारीला आला. शुक्रवार होता, आणि आमच्या विभागातल्या दोघांना त्या दिवशी नेमकं 'घरचं काम' निघालं. महिन्याभरात १ कोटीच्या वर प्रती खपल्या. तेव्हा बिघडलेला मी एकटाच नाही.

चौघांनी मिळून एका मोठ्या प्राण्यामागं जायचं. मोठा म्हणजे आपल्या शेडएवढा. वेळ पन्नास मिनिटं. चौघांत मिळून तीनदा कुणी बेशुद्ध पडलं की शिकार संपली, मग बाकीचे कितीही चांगले खेळत असोत. या खेळात पहिल्यापासूनची गंमत म्हणजे पडलेल्याला मांजरं हातगाडीवर घालून आणतात आणि तळावर पोतं ओतावं तसं ओततात. दर पडण्याला बक्षिसाचा एक हिस्सा कापला जातो. (होय, मांजरंच. काही भागांत स्वयंपाकही तीच करतात, आणि माझ्यापेक्षा बरा करतात.)

त्या प्राण्यात किती जीव उरलाय, याचा काटा कुठं दिसत नाही. अंदाज घ्यावा लागतो. लाळ गळायला लागली की दमलाय समजायचं, पाय ओढत निघाला की थोडंच राहिलंय. बाबा, तुम्ही शेडच्या दारातूनच सांगायचा ना, चार नंबरच्या मागाचा आवाज बदललाय, धोटा बघा म्हणून? तसंच. हे मला इथल्या पोरांपेक्षा लवकर जमलं.

आजीला मात्र शिकार हा शब्द सांगू नका. तिच्या गळ्यात माळ आहे. विचारलंच तर म्हणा, सापळा लावून जिवंतही धरता येतं, आणि खेळातल्या शिकाऱ्यांच्या संघाच्या परवानगीशिवाय कशालाच हात लावता येत नाही.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. इथं शिकार सुरू होण्याआधी लोक एकमेकांना 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' असं लिहितात. याचं मराठी काय करावं, हे मी सहा वर्षं बघतोय. होत नाही. 'सांभाळून घ्या'च्या जवळ जातं. नवी सून पहिल्या दिवशी सासूच्या स्वयंपाकघरात शिरताना जे मनात म्हणत असेल, ते हे लोक मोठ्यानं म्हणतात. आणि म्हणतात कुणाला? एक होक्काइदोचा, एक क्यूशूचा, नाव-गाव ठाऊक नाही, पंधरा मिनिटांनी जन्मात पुन्हा गाठ पडणार नाही, तरी आधी सांभाळून घ्या. संपल्यावर 'ओत्सुकारेसामा देशिता', म्हणजे शब्दशः 'दमलात', आणि तेही कौतुकानं. आपल्याकडं कुणाला दमलात म्हणून बघा, तो म्हणेल, म्हातारा झालो का मी? आणि जो बेशुद्ध पडला, तो गाडीवरून खाली पडतो न पडतो तोच 'सुमिमासेन' लिहितो. माफ करा, मी मेलो!

कारखान्यातही हेच. वेळ संपल्यावर हक्कानं घरी जातानासुद्धा 'तुमच्या आधी निघतोय, माफी असावी' असं म्हणून निघायचं. मागं राहिलेले म्हणतात, दमलात. जिन्यात भेटणारा म्हणतो, दमलात. दिवसातून मी किती वेळा दमतो बघा. सुरुवातीला मला हे सगळं तोंडदेखलं वाटायचं. मग एका रात्री तिन्ही वेळा मीच पडलो. तिसऱ्यांदा पडलो तो अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला, प्राणी पाय ओढत निघालेला असताना. इचलकरंजीत असतो तर आठवडाभर चौकात माझं नाव निघालं असतं. त्या तिघांनी ओळीनं लिहिलं, दमलात, दमलात, दमलात. आणि गेले. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

सगळेच साधू आहेत असं नाही. काही न करता बक्षीस घेणाऱ्याला 'किसेइ' म्हणतात, म्हणजे बांडगूळ. आमच्या विभागात लेथवर एक थोरले आहेत, पन्नाशीचे, ते जुन्या गोष्टी सांगतात. २००८ ते १० च्या सुमारास हा खेळ हातात मावणाऱ्या यंत्रावर होता आणि शेजारी बसलेल्याशीच जोडला जायचा. म्हणून स्टेशनात, बर्गरच्या दुकानात चार-चार पोरं मुंड्या खाली घालून बसलेली दिसायची. काही लहान पोरं तर अनोळखी माणसाजवळ येऊन नुसतं 'मध द्या' म्हणायची. खेळातल्या औषधाला मध लागतो आणि तो गोळा करायचा कंटाळा. 'हितोकारि इकोउझे', चला एक शिकार करून येऊ, ही त्या खेळाची जाहिरात. आपण 'एक डाव टाकू' म्हणतो तसं. नुसतं ऐकलं तर 'चला माणसांच्या शिकारीला' असंही ऐकू येतं, आणि थोरले हा विनोद दर शनिवारी करतात.

आमच्या टोळीत ते थोरले, मी, ताईचा सोन्या आणि चौथी तुतारी वाजवते. तुतारी म्हटल्यावर बाबांना निवडणूक आठवेल, तसलं काही नाही. हे भलंमोठं शिंग असतं. त्यानंच प्राण्याला हाणायचं आणि हाणता हाणता सूर लावायचे. सुरांनी बाकीच्यांच्या अंगात बळ येतं, जखमा भरतात. सगळ्यांना तलवार हवी असते, शिंग घेणारे थोडे. गेल्या महिन्यात आम्ही दोघं इथल्या एक्स्पोला, म्हणजे देशोदेशींच्या प्रदर्शनाला, जाऊन आलो. ओसाकाच्या दालनात याच खेळाचा एक देखावा होता, चहूबाजूंनी पडदा, डोळ्यांवर चष्मा, मधोमध आपण. जत्रा १३ तारखेला उठतेय. रांगा पंढरपूरच्या.

आता सोन्याचं. तो त्याच्या कॉम्प्युटरवरून आणि मी इथून, यंत्रं वेगळी असली तरी या नव्या भागात एकत्र खेळता येतं. तुमचे नऊ म्हणजे आमचे साडेबारा. पोरगा क्लासवरून येऊन जेवून नऊला बसतो. त्याला काय संध्याकाळी सहाला बस म्हणू? ताईला वाटतं, मामाच भाच्याचं अकरावीचं वाटोळं करतोय. फक्त शनिवारी आणि फक्त दोन शिकारी, असा नियम आहे. (कधी तीन.) बुधवारी रात्री पावणेदोनला आईला मी फोनवर जागा दिसलो, तेव्हा खेळत नव्हतो. नुसता जागा होतो.

आणि त्याला यात मीच ओढलं, जुलैमध्ये. फोनवर तो 'हां मामा, बरं मामा' याच्या पुढं जायचा नाही. इथं हत्याराला धार लावता लावता सगळं सांगतो. दाजींच्या बदलीचं, आजी रात्री उठून पुढचं दार उघडून उभी राहते त्याचं, वरची खोली गळते त्याचं. छप्पर गळतंय हे मला तुमच्यापैकी कुणीही सांगितलं नव्हतं.

मागच्या शनिवारी आम्ही 'रे दाउ' नावाच्या प्राण्यामागं होतो. वीज पाडतो तो. (सोन्या म्हणतो, नाव ऐकून वाटतं कुणीतरी हाक मारतंय.) अर्धा तास झाला आणि तो पाय ओढत निघाला. मी ओरडलो, सोन्या, सोडू नको, लंगडायला लागलाय! तर सोन्या म्हणाला, 'मामा, आबापण सध्या असंच चालतात.'

आणि मग एकदम गप्प. त्याला ताकीद दिलेली असणार. मीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. बाबा, तुम्ही मोरीत पडलात श्रावणात. आता दसरा होऊन गेला. त्याला रागावू नका, त्याच्या तोंडून निसटलं. आम्ही दोघंही तिथंच उभे राहिलो, प्राण्यानं दोघांनाही लोळवलं, शिकार गेली. थोरल्यांना मराठी येत नाही. त्यांनी नेहमीसारखं दमलात लिहिलं.

म्हणून पट्टा. मी चिडलेलो नाही. जानेवारीत मी आठवडाभर तापानं झोपून होतो, ते मीही सांगितलं नव्हतं. फिट्टंफाट.

पैशाचं लिहितो. हप्त्याचे नेहमीप्रमाणे आलेच असतील, शिवाय १ लाख येन वेगळे पाठवलेत. २०१९ ला आलो तेव्हा शंभर येनला पासष्टच्या आसपास रुपये मिळायचे, आता साठ. त्यामुळं आकडा लहान दिसतो, मी कमी पाठवत नाही. हे पैसे गुडघ्याचे आहेत. मिरजेला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, फोटो काढायचा, लेप पुरे झाला. यातले छपराकडं वळवायचे नाहीत आणि ताईच्या दिवाळीकडंही नाहीत. छपराचं डिसेंबरच्या बोनसमध्ये बघतो. यंत्र विक म्हणाल तर विकतो. पण मग घरचं मला सांगणार कोण?

दिवाळीला येतो म्हणालो होतो. तिकीट काढलेलं नाही. तुम्हाला वाटलंच असेल, पण मीच लिहायला पाहिजे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतोय, पंधरा दिवस, नक्की. मग पाडव्यालाच का नाही, असं आई विचारेल. इथं शाळांना सुट्टी पाडव्यानंतर लागते.

सांगलीच्या मुलीचा फोटो ताईनं पाठवला. चांगली आहे, शिकलेली आहे, तिच्यात काही खोट नाही. म्हणूनच त्यांना दिवाळीपर्यंत झुलवत ठेवू नका. नाही म्हणून कळवा आणि दोष माझ्यावर घाला. परदेशात राहून पोराचं डोकं फिरलंय म्हणा, लगेच पटेल त्यांना.

आई, तू वर 'दोघं' आणि 'शाळा' या दोन शब्दांवर थांबून बाबांना परत वाचायला लावलं असशील. सोन्याला तिचा आवाज ओळखीचा आहे. त्यानं तिला 'चल की' शिकवलंय, आता ती थोरल्यांनाही 'चल की' म्हणते. याहून जास्त पत्रात नको. पत्र मिळालं की ताईला कळवायला सांगा. मी फोन करीन, तेव्हा दोघंही बसा, आणि एकमेकांकडं न बघता बोला.

मिरजेचा मुलगा परत निघेल तेव्हा त्याच्याकडं बेसनाचे लाडू दिलेत तर बरं होईल. मागच्या खेपेचे मी एकट्यानं खाल्ले नव्हते.

आजीस साष्टांग नमस्कार. ताई-दाजींस नमस्कार, सोन्याला अनेक आशीर्वाद.

तुमचा,
विजू

ता. क. पट्टा दिवसा बांधायचा, झोपताना काढून ठेवायचा. आणि मोरीत फरशीवर जाड पायपुसणं टाका, आजच.