मेळाव्यापुरता बँड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की कोकणातल्या शाळांतून माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सुरू होतात. डोंबिवली-विरारहून चाकरमानी आलेले असतात, आंबे उतरवून झालेले असतात, शाळेचं पटांगण मोकळं असतं. कुठे सुवर्णमहोत्सव, कुठे अमृतमहोत्सव. आणि हल्ली अनेक ठिकाणी एक चांगली कल्पना पुढे येते: आपल्या वेळचा बिगुल-ड्रमचा बँड पुन्हा उभा करू या. चार दिवस तालीम होते, एका सकाळी संचलन होतं, डोळे पाणावतात, फोटो निघतात. मग वाद्यं पुन्हा त्याच कपाटात जातात आणि पुढचा पाऊस त्यांची वाट लावतो.

शालेय बँडमध्ये वाजवलेले आणि पुढे मुलांना शिकवलेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत ते एवढ्यासाठीच. माजी विद्यार्थ्यांचं पथक एका सकाळपुरतं असू नये. वाद्यांची देखभाल, जुन्या चालींचं टिपण आणि शाळेतल्या आजच्या मुलांची तयारी ही तीन कामं त्याने अंगावर घ्यावीत. मग दोस्ती आपोआप टिकते, कारण महिन्यातून एकदा भेटायला काहीतरी काम असतं.

आधी बिगुलाबद्दल. शाळेच्या कपाटात असतो तो बिगुल म्हणजे दोन वेढे घातलेली सव्वा ते दीड मीटर लांबीची नळी. तिला भोकं नाहीत, बटणं नाहीत. ओठ आणि श्वास यांवरच सगळं चालतं. त्यामुळे त्यातून कामाचे सूर निघतात ते पाचच: सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प. रे, म, ध त्यात नाहीत. प आणि सा यांच्या मधला एक निषादासारखा सूर वर कुठेतरी लागतो, पण तो इतका उतरलेला असतो की वापरता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे मेळाव्यात हमखास कुणीतरी म्हणतं, बिगुलावर राष्ट्रगीत बसवू या. ते बसणार नाही. राष्ट्रगीताच्या पहिल्याच ओळीत रिषभ आहे. राष्ट्रगीत सगळ्यांनी गावं आणि बिगुलाने त्याआधीची सलामी द्यावी, हेच योग्य.

या पाच सुरांतला गंधार नीट ऐकण्यासारखा आहे. पेटीच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तोच हा. म्हणून बिगुलाबरोबर पेटी किंवा कीबोर्ड लावला की कानाला खुपतं, आणि वादकाचा काही दोष नसताना त्याला बेसूर ठरवलं जातं. बिगुलाला साथ फक्त ड्रमची द्यावी.

सूर पाचच असण्याचा एक मोठा फायदा आहे, आणि आमच्या मते या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. शाळेची अख्खी चाल पाच अक्षरांत लिहिता येते. एका पोस्टकार्डावर मावते. तरीही बहुतेक शाळांच्या चाली कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या पी.टी.च्या सरांच्या तोंडी होत्या, सर निवृत्त झाले आणि चाल गेली. आता १९७५ ची बॅच एक तऱ्हा वाजवते, १९९० ची दुसरी, आणि तालमीच्या पहिल्या दिवशी खरी कोणती यावर तास जातो. भांडू नका. दोन्ही लिहून घ्या. वरच्या ओळीत सूर, खालच्या ओळीत ड्रमचे ठोके, प्रत्येक पावलाला एक उभी रेघ. डावा-उजवा पाय खाली मांडा. मोबाइलवर प्रत्येक चाल एकदा नुसत्या बिगुलावर आणि एकदा नुसत्या ड्रमवर ध्वनिमुद्रित करा. सत्तरीच्या पुढचे वादक आहेत तोवर हे उरकायला हवं.

आता कपाटाकडे वळू. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वाऱ्यात खार असतो. पितळ आतून कळकतं, बोल्ट गंजतात, चामडं सैल पडतं. आपल्याकडे पितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लख्ख करतात. बिगुलाला बाहेरून तेवढं एक वेळ चालेल, पण आतून कधीही नको. नळीच्या वेढ्यात आंबट पाणी अडकून राहतं आणि धातू खात बसतं. पितळेवर गुलाबी डाग दिसू लागले तर त्यातलं जस्त निघून जाऊ लागलं असं समजावं. तिथे नळी पातळ होते. आतून धुवायला कोमट पाणी आणि चिमूटभर साबण पुरतो. मग साधं पाणी दोनदा, आणि बिगुल फिरवून फिरवून सगळं पाणी बाहेर. याला पाणी सोडायची चावी नसते, हे विसरू नये. दर्यावर संचलन केलं असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून काढावं.

माउथपीस अडकला तर पकड लावू नका. पकडीने नळी पिळली जाते आणि सांधे जोडणारा डाख सुटतो. सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी लाकडी दांड्याने सांध्याच्या सभोवती हलके ठोके देत देत फिरवा. सुटतो. दुसरी चूक म्हणजे हरवलेल्या माउथपीसच्या जागी ट्रंपेटचा आणून कागद गुंडाळून बसवणं. नळीची लांबी त्याने बदलते आणि तो एक बिगुल पथकातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळा वाजत राहतो. नवा मागवायचाच असेल तर मेरठच्या जली कोठी बाजारातून मागवता येतो; बँडच्या वाद्यांची ती जुनी पेठ आहे. मागवताना जुना नमुना सोबत पाठवा, नुसतं ‘बिगुलाचा’ म्हणून सांगू नका. आणि प्रत्येकाचा माउथपीस वेगळा असू द्या, विशेषतः मुलांचा. सुटलेला डाख गावातला तांबट देऊ शकतो, मात्र त्याला आच बेताची ठेवायला सांगा. एक सांधा जोडताना शेजारचे दोन उकलतात.

ड्रमचं दुखणं वेगळं. जुन्या साइड ड्रमना चामड्याची पानं असतात. १५ ऑगस्टच्या दमट हवेत पान ढिलं पडतं, आवाज बोदा येतो, म्हणून वादक बोल्ट कचकचून आवळतो. कार्यक्रम होतो, ड्रम तसाच कपाटात जातो. ऑक्टोबरच्या उन्हाने हवा कोरडी झाली की चामडं आक्रसतं आणि बंद कपाटात, कुणी हात लावलेला नसताना, पान फाटतं. पावसाळ्यात वाजवून झालं की बोल्ट पुन्हा ढिले करायचे, हा त्यावरचा साधा उपाय. ताशासारखं शेकोटीपाशी धरू नका. पानाच्या आतली लाकडी कडी वाकडी होते आणि मग ते पान कधीच सरळ बसत नाही. आम्ही तर सांगू, पावसाळ्यातल्या कार्यक्रमांसाठी प्लास्टिकची पानं लावावीत आणि चामड्याचे ड्रम २६ जानेवारीला काढावेत. चामड्याचा गोडवा कोरड्या थंडीतच ऐकायला मिळतो.

पान बसवताना बोल्ट ओळीने आवळत जाऊ नये. आधी सगळे बोटांनी लागतील तेवढे लावावेत. मग समोरासमोरच्या जोडीने, दर वेळी अर्धा फेरा. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काठीने टिचकी मारून सगळीकडे एकच सूर येतो का ते पाहावं. खालचं पान वरच्यापेक्षा जास्त ताणलेलं हवं, नाहीतर त्याखाली ताणलेल्या तारा खुळखुळ वाजतात पण ठोका फुटून येत नाही. ठेवताना तारांचा खटका सोडून ठेवावा आणि तारांवरून तेलाचं बोट फिरवावं. कपाटात चाळीस वॅटचा एक जुना पिवळा दिवा जून ते सप्टेंबर लावून ठेवला तर अर्धं काम होतं. फक्त दिवा वाद्यांपासून आणि कापडापासून हातभर दूर हवा.

पथकाचं माप. आठ बिगुल, चार साइड ड्रम, एक मोठा ड्रम, एक झांजेची जोडी आणि पुढे दंड घेऊन एक जण: पंधरा. दोन बिगुलांमागे एक साइड ड्रम, याहून जास्त ड्रम घेतले की बिगुल बुडतात. मेळाव्यात सगळ्यांनाच ड्रम हवा असतो, कारण बिगुलाला ओठ लागतात. नको म्हणणं जड जातं खरं, पण इथे बधू नये.

पाऊल मिनिटाला १२० आणि ३० इंची. हे माप सर्वांना शाळेच्या कवायतीतून माहीत असतं, तरी घसरतं, आणि त्याचं कारण वय नसतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीस मीटर लांब रांगेत मागचा ठोका पुढच्याच्या कानी पोचायला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग लागतो, आणि पाऊल तर अर्ध्याच सेकंदाचं असतं. मागचे पुढच्यांचं ऐकून वाजवू लागले की दर चौकात पथक आणखी मंदावतं. म्हणून ड्रम मागे ठेवावेत. पुढच्या बिगुलवाल्यांनी मागचा मोठा ड्रम ऐकावा आणि मागच्यांनी फक्त दंडाकडे पाहावं. ज्यांची तालीम अर्धी मुंबईत आणि अर्धी गावात होते, त्यांनी दोन्हीकडे मोबाइलवर १२० चा ताल लावूनच वाजवावं. तसं केलं की एकत्र आल्यावर पहिला दिवस वाया जात नाही.

वीस-तीस वर्षांनी बिगुल तोंडाला लावणाऱ्याने पहिले पंधरा दिवस वरचा प विसरावा. ओठांचे स्नायू सैल झालेले असतात. सूर लागत नाही म्हणून माणूस बिगुल ओठांवर दाबतो, ओठ सुजतो, आणि मेळाव्याच्या दिवशी आवाजच निघत नाही. रोज दहा मिनिटं खालचा सा आणि प, प्रत्येकी आठ मोजेपर्यंत धरून, मग तेवढीच विश्रांती. रक्तदाब किंवा हर्निया असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुंकू नये. वरचा सूर काढताना छातीत आणि डोक्यात चांगलाच ताण येतो. कवळी असलेल्यांनी झांज घ्यावी. झांज हलकी जागा नाही, ती चुकली तर सगळ्या गावाला कळतं.

साइड ड्रमवाल्यांनी महिनाभर ड्रमला हात लावू नये. प्लायवूडच्या तुकड्यावर टायरच्या ट्यूबचा रबर ताणून फळी करावी आणि तिच्यावर घोटावं: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. शेजारीही शांत, कानही शाबूत. ड्रम डाव्या मांडीवर तिरका लटकतो, म्हणून डावी काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरून अनामिकेवर टेकवायची असते. हल्ली मुलं दोन्ही काठ्या सारख्याच धरतात, मग डावं कोपर वर उचलावं लागतं आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. हे एखाद्या जुन्या वादकाने शेजारी उभं राहून दाखवलं तर पाच मिनिटांत समजतं.

माजी वादकांचं पथक ही परंपरा अमेरिकेत चांगली रुजलेली आहे. तिथे पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी सैन्यातले बिगुल आणि ड्रम घेऊन अशी पथकं काढली. पुढे तरुणांच्या पथकांच्या मोठ्या स्पर्धा झाल्या; १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ या त्यांच्या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली. वयाची मर्यादा ओलांडली की त्यांतून बाहेर पडावं लागतं, आणि त्या बाहेर पडलेल्यांनी माजी वादकांची पथकं उभी केली. त्यांच्यापैकी काहींनी जुने एक-दोन बटणांचे बिगुल आजही जपले आहेत, नवी वाद्यं परवडत असूनही. आपल्याकडे खालूबाजा (कोकणातल्या लोकवाद्यांचा मेळ) आणि पालखीचा ढोल असाच एकाकडून दुसऱ्याच्या हातात जात टिकला. शाळेच्या बँडची ती साखळी मात्र दहावीला तुटते.

म्हणून पथक उभं करताना एक जुना, एक नवा अशी रांग लावावी. प्रत्येक माजी वादकाच्या डाव्या बाजूला आठवी-नववीतला एक मुलगा किंवा मुलगी. मुलगी आवर्जून, कारण पूर्वी अनेक शाळांनी त्यांना लेझमीपलीकडे येऊ दिलं नाही. गावात सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेलं कुणी असेल तर शिकवायला त्यांना बोलवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीत आपल्याकडून पिढ्यान् पिढ्या माणसं गेली आहेत. ‘लास्ट पोस्ट’ मेळाव्यात हौसेने वाजवू नये, हेही ते सांगतील. ती धून मृतांना निरोप देण्याची आहे. दिवंगत शिक्षक आणि सहाध्यायी यांना आदरांजली वाहताना वाजवायची असेल तर त्यानंतर दोन मिनिटं स्तब्धता आणि मग ‘राउज’ ही जागवण्याची धून, हा क्रम सोडू नये.

मेळाव्याच्या वर्गणीतून बॅनर, फेटे आणि जेवणावळ यांवर खर्च होतो, त्याला आमची हरकत नाही. पण त्यातला ठरावीक वाटा पानं, पट्टे आणि माउथपीस यांसाठी आधीच बाजूला काढावा आणि शाळेच्या नावावर जमा करावा. तालीम महिन्याच्या एका रविवारी सकाळी सात ते साडेआठ. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांसाठी बंद. कपाटाची एक किल्ली मुख्याध्यापकांकडे, दुसरी गावात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडे. मुंबईकराकडे नको, कारण दिवा जूनमध्ये लावायचा असतो.

यंदाचा मेळावा ज्यांनी ठरवला आहे त्यांनी पत्रिका छापण्याआधी ते कपाट एकदा उघडून पाहावं. किती बिगुलांत माउथपीस फिरतो आणि किती ड्रमची पानं धड आहेत, एवढं मोजलं तरी तालीम कधी सुरू करायची ते ठरवता येईल.

आपले,
शालेय बँड पथकांतले काही माजी वादक,
रत्नागिरी