बारावीची पोरं पुण्याला निघालीत, त्यांच्यासाठी थोडं – संज्याला पत्र

प्रिय संज्या,

तुझा भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला. अर्ध्यात नुसता कुकरच्या शिट्ट्या आणि वहिनींचा आवाज आहे पण मुद्दा पोचला. फोनवर बोलायला बसलो की तू दहा मिनिटांत राजकारणावर नेतोस म्हणून सरळ टाईपच करतोय, लांबलं तर वैतागू नको.

तर तुमच्या ज्युनिअर कॉलेजची पोरं यंदा इंजिनिअरिंगला पुण्याकडे निघालीत आणि त्यांच्यासाठी तुला एक दिवस काहीतरी ठेवायचंय, त्यात तू विचारतोस की "आधीपासून कोणती पुस्तकं वाचायला लावू". एकही नको. खरंच सांगतो. फर्स्ट इयरला शिकवून शिकवून एक गोष्ट पक्की कळलीय की आपल्याकडची पोरं अभ्यासात कमी पडत नाहीत, ती विचारण्यात कमी पडतात. लातूर पॅटर्न म्हण, अंबाजोगाईचे क्लास म्हण, पोराला दोन वर्षं सकाळी उठल्यापासून कोणीतरी सांगतंय की आता हे चॅप्टर, आता टेस्ट, आता डाऊट सेशन, आता जेव. मग ते आमच्याकडे येतं आणि इथे कुणीच काही सांगत नाही! नोटीस बोर्डावर कागद लागतो, नाहीतर क्लासच्या ग्रुपवर पीडीएफ पडते, संपलं. ज्याला खिडकीवर जाऊन "सर, हे कुठे भरायचं" एवढं विचारता येतं तो तरतो. बाकीचे रूमवर बसून एकमेकांना विचारतात आणि कुणालाच माहीत नसतं.

म्हणून तुझ्या त्या दिवशी पोरांकडून बोलून घे. एकाला क्लार्क कर, एकाला विद्यार्थी, आणि क्लार्कने वर न बघता "उद्या या" म्हणायचं. विद्यार्थ्याने न चिडता न घाबरता पुढचा प्रश्न विचारायचा, की उद्या किती वाजता, कोणाकडे, कोणता कागद घेऊन. हसतील सुरुवातीला, हसू दे.

आता कागदांचं सांगतो कारण खरी मारामारी तिथेच असते. गेल्या साली माझ्या वर्गात एक पोरगी होती, तुमच्याच बाजूची, अतिशय हुशार, आणि तिची स्कॉलरशिप अडकली. का, तर महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन स्कॉलरशिप पोर्टलचा, फॉर्म नेट कॅफेवाल्याने भरलेला. मोबाईल नंबर त्याचा, ईमेल त्यानेच बनवलेला आणि पासवर्ड त्याच्या वहीत. फॉर्म कॉलेजकडून परत पाठवलेला होता, इन्कम सर्टिफिकेटचं पान नीट दिसत नव्हतं एवढंच कारण, पण ती सूचना गेली कॅफेवाल्याच्या फोनवर, आणि त्याच्याकडे असे शेकड्याने फॉर्म. तिला कळलं तेव्हा मुदत संपत आलेली. ओटीपीसाठी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहून त्या माणसाला फोन लावत होती आणि तो जेवायला गेलेला. शेवटी झालं कसंबसं. पण तू एवढं कर, तुझ्या डोळ्यासमोर प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा नंबर आणि पासवर्ड स्वतःच्या डायरीत, हे करून घे. बाकी काही केलं नाहीस तरी चालेल.

आणि बँक खातं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, म्हणजे पोराच्या नावाचं खातं लागतं आणि ते आधारशी सीड, म्हणजे बँकेने रीतसर जोडलेलं, लागतं. "बँकेत आधारची झेरॉक्स दिलीय" म्हणजे सीडिंग झालं असं नसतं, बँकेत जाऊन विचारावं लागतं. (परत तेच, विचारावं लागतं.) फॉर्म पुन्हा दरवर्षी भरायचा असतो, एकदा भरला की चार वर्षं निवांत असा पुष्कळ पालकांचा समज आहे.

टीसी कॉलेज ओरिजिनल जमा करून घेतं. त्यामुळे निघायच्या आधी टीसीच्या, दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या, डोमिसाईलच्या भरपूर झेरॉक्स आणि फोनमध्ये स्वच्छ स्कॅन. अंगठा दिसणारे, चादरीवर ठेवून काढलेले फोटो नकोत. ज्यांनी जात पडताळणीच्या पावतीवर ॲडमिशन घेतलीय त्यांनी तर समितीकडचा पाठपुरावा आत्ताच सुरू ठेवायचा, मुदतीत व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, आली नाही तर राखीव सीट धोक्यात येते. एकदा पुण्यात आलं पोरगं की त्यासाठी परत बीडला चकरा मारणं म्हणजे लेक्चर बुडालीच.

मुलींच्या पालकांना एक आवर्जून सांग, मला दरवर्षी कोणी ना कोणी असं भेटतं की ज्यांना हे धड माहीतच नसतं. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा) मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे त्यात येत नाही, ते खिशातूनच. "सगळं फुकट" ऐकून येतात आणि मग ऑफिसात वाद घालतात. तुझ्याकडे एससी किंवा नवबौद्ध पोरं असतील आणि सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचं बघ, पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार म्हणजे राहण्याखाण्याला मोठाच आधार आहे.

बरं आता अभ्यास. तू म्हणशील एकदाचा आला मुद्द्यावर.

सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, पेपर म्हणजे पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 150 प्रश्न, सगळे चार पर्यायवाले, निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन वर्षं पोरगं पर्याय खोडायला शिकलंय. उत्तर टाकून बघायचं, युनिटवरून ओळखायचं, या सगळ्या ट्रिका त्याला तोंडपाठ. आणि विद्यापीठाच्या पेपरात पर्यायच नाहीत, कोरं पान आहे आणि मार्क स्टेपला आहेत. 95 पर्सेंटाईलचं पोरगं एम-वनच्या, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताच्या, पहिल्या टेस्टमध्ये उत्तर बरोबर लिहून अर्धे मार्क घेऊन येतं आणि माझ्याशी भांडतं, "सर आन्सर करेक्ट आहे ना". आहे बाबा, पण मधलं काय केलंस ते दाखव की! लिहायची सवयच गेलेली असते, दोन पानं सलग लिहिली की हात दुखतो. आत्ता सुट्टी आहे तोवर रोज एक गणित, डेरिव्हेटिव्हचं असो की मॅट्रिक्सचं, पूर्ण लिहून काढायला लाव, डाव्या बाजूला कारण लिहून. पार्शल डिफरन्सिएशन त्यांना पुढे येणारच आहे, पण त्याला बारावीचं साधं डेरिव्हेटिव्ह हाताशी लागतं, आणि ते सीईटी झाल्या झाल्या उडून जातं.

दुसरा विषय माझा स्वतःचा, ग्राफिक्स, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग. हा बारावीत कुठेच नव्हता म्हणून सगळे एका रेषेवर असतात, आणि म्हणूनच मला आवडतो. पहिल्या आठवड्यात मी विचारतो की एचपी म्हणजे काय, व्हीपी म्हणजे काय. व्याख्या खडाखड येते. मग मी म्हणतो चला, दोनशे पानी वही काढा आणि काटकोनात उघडून टेबलावर ठेवा. आडवं पान एचपी (हॉरिझॉन्टल प्लेन), उभं पान व्हीपी (व्हर्टिकल प्लेन), मधली शिवण म्हणजे एक्सवाय लाइन. आता पेन्सिल हातात धरून मधल्या जागेत तिरकी करा. समोरून बघितलं तर उभ्या पानावर किती लांब दिसते? वरून बघितलं तर आडव्या पानावर? खरी लांबी तीच आहे, दिसते मात्र दोन्हीकडे कमी. मग आडवं पान खाली पाडा, की झाला तुमचा शीट, फ्रंट व्ह्यू वर, टॉप व्ह्यू खाली. फर्स्ट अँगल म्हणतात तो हाच. मागच्या बाकावरचं एखादं पोरगं वही तीनतीनदा उघडझाप करून बघतं आणि एकदम "हां!" करतं, त्या "हां" साठी मी हा विषय सोडत नाही. तुझ्याकडे वह्या-पेन्सिली आहेतच, अर्धा तास हे कर. ज्यांना हे डोळ्यासमोर दिसत नाही ती पोरं मग सेमिस्टरभर जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारतात. आठवतंय ना, काच, खाली बल्ब, वर मित्राचा शीट आणि त्याच्यावर आपला? आता निम्मं काम कॉम्प्युटरवर आलंय तरी जीटी काही गेली नाही, आता फाईल कॉपी करतात.

खरेदीचं थोडक्यात. मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेषा मारायचं साधन), ॲप्रन, बोर्ड सगळं सिनिअरकडून सेकंड हँड मिळतं, अर्ध्याहून कमी पैशात. कॅसिओचा 991 कॅल्क्युलेटर नवीन घ्यावा, तो चार वर्षं चालतो. लॅपटॉप पहिल्या महिन्यात घेऊच नये, आधी ब्रँचला काय लागतं ते बघावं. त्यासाठी बापाने कर्ज काढायची तर मुळीच गरज नाही, लॅब आहेत कॉलेजात.

रूमचं मात्र घाई करावी लागते. नऱ्हे, धनकवडी, आंबेगाव, कर्वेनगर, जिथे कॉलेज तिथे रूम कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरतं भाडं देऊन, मिळतात. डिपॉझिट देताना काही लिहून घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी मालकाकडून "एवढे मिळाले" असा मेसेज. रूम बघायला दुपारी जाऊ नये, सकाळी जावं, म्हणजे पाणी किती वाजता येतं आणि बाथरूमला किती जण रांगेत आहेत ते दिसतं. मेसचे तीन महिन्यांचे पैसे आधी भरू नका, आठवडाभर जेवून बघा. आपल्या पोरांना पहिला महिना भाजी गोड लागते, नंतर गावाकडून काळा मसाला आणि ठेचा येतो आणि सुरळीत होतं.

मराठी मीडियमच्या पोरांबद्दल तू काळजीत होतास. हे बघ, पहिला दीड महिना त्यांना जड जातो, खोटं कशाला बोलू. पण बारावी सायन्स इंग्रजीतच झालेलं असतं, शब्द ओळखीचे असतात, अडतं ते बोलण्यात आणि वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालू नका म्हणावं, त्यापेक्षा पुस्तकातलं एक पान रोज मोठ्याने वाचायचं. आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) डिप्लोमा आणि डिग्रीची पुस्तकं मराठीत करून ई-कुंभ पोर्टलवर फुकट ठेवलीत, संकल्पना मराठीतून समजून घ्यायची, पेपर इंग्रजीत लिहायचा, काही बिघडत नाही. मी स्वतः वर्गात अर्धं मराठीच बोलतो, हे वर कळवू नको.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे नीटवाले, मेडिकलची प्रवेश परीक्षा दिलेले. घरच्यांना डॉक्टर हवा होता, नंबर लागला नाही, म्हणून रागारागात इंजिनिअरिंगला टाकलेलं पोरगं. ते शरीराने वर्गात असतं आणि मनात पुढच्या वर्षीचा ड्रॉप चालू असतो, त्यामुळे इकडेही लक्ष नाही आणि तिकडेही नाही. त्यांना तू वेगळं बसव, सगळ्यांसमोर नको. त्यांच्या बापालाही बसव. रिपीट करायचं असेल तर खुशाल करा पण आत्ता ठरवा, सबमिशनच्या तोंडावर नको. दोन्ही दगडांवर पाय ठेवून दोन केट्या (राहिलेले विषय) आणि कमी झालेला नीटचा स्कोअर, असं फार बघितलंय रे.

रॅगिंगची आयांना भीती असते, त्यांना सांग की आता दरवर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांकडूनही ऑनलाइन हमीपत्र भरून घेतात, महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, आणि 1800-180-5522 ही देशभराची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवायचा. सिनिअर मात्र सगळे वाईट नसतात, नोट्स, रूम, ड्राफ्टर सगळं त्यांच्याकडूनच मिळतं, त्यामुळे घाबरून तोंड चुकवत फिरण्यातही अर्थ नाही.

आणि हजेरी, 75 टक्के. ट्रॅव्हल्सने दर शनिवारी गावाला पळणारी पोरं सोमवार नेहमी बुडवतात आणि मग डिटेन लिस्ट, म्हणजे हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देणाऱ्यांची यादी, लागली की आईला फोन लावून देतात माझ्याशी बोलायला. पहिला महिना तरी शनिवार-रविवार पुण्यातच काढा म्हणावं, गणपतीला या घरी.

मी येतो तू ठेवशील त्या दिवशी, पण रविवार धर आणि पालकांना बोलव, नुसती पोरं नकोत. प्रोजेक्टर वगैरे काही नको, फळा चालेल, वह्या तेवढ्या काटकोनात उभ्या राहतील अशा जाड पुठ्ठ्याच्या आणायला सांग. हार-नारळ नको आणि पत्रिका छापलीच तर माझ्या नावापुढे डॉक्टर लावू नकोस, थिसिस अजून गाईडच्या टेबलावरच पडलाय.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
पद्या