डोहाळजेवणाची नाव थर्माकोलची कशाला?

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

डोहाळजेवणाच्या सजावटीचे ‘पॅकेज’ हा प्रकार आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. आमच्या सांगली-मिरजेकडेही कार्यालय ठरवायला गेले की जेवणाच्या ताटाच्या दराबरोबरच सजावटीचा दर सांगितला जातो. त्यात चकचकीत पडदा, गुलाबी-निळ्या फुग्यांची कमान, थर्माकोलमधून कापलेली अक्षरे आणि फ्लेक्सवर छापलेला पाळणा असतो. ज्यांच्या घरी माणूसबळ नाही किंवा ज्यांना नोकरीतून सवड नाही, त्यांनी सजावट बाहेरून करून घेतली तर त्यात काहीच गैर नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, एखाद्या विषयाला धरून सजावट करायची म्हणजे ती विकतच आणावी लागते, हा समज निराधार आहे. त्या समजापायी सजावटीसाठी कायद्याने बंद असलेली वस्तू आपण गर्भवतीच्या पाठीमागे हौसेने उभी करतो, ही तर त्याहून मोठी विसंगती आहे.

विषय धरून डोहाळजेवण करण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. नावेतले, बागेतले, चांदण्यातले, झोपाळ्यावरचे असे प्रकार आमच्या आई-मावश्यांच्या बोलण्यात सहज येत असत, आणि कोणते डोहाळजेवण करायचे हे मुलीला विचारून ठरवले जाई. हिरवी साडी, मोगऱ्याच्या कळ्यांचे बाजूबंद, कंबरपट्टा आणि मुकुट, हातात धनुष्यबाण, मागे पुठ्ठ्याची चंद्रकोर असा थाट असलेली कृष्णधवल छायाचित्रे अनेकांच्या घरच्या अल्बममध्ये आजही सापडतील. ती सजावट शेजारपाजारच्या हातांतून उतरलेली असे. गणपतीचे मखर आणि दिवाळीचा आकाशकंदील घरी करणाऱ्या माणसांना नाव आणि चंद्र अवघड नव्हतेच.

नावेचेच उदाहरण घेते, कारण आमच्या कुटुंबात ती अनेकदा झाली आहे. फ्रिजच्या किंवा कपाटाच्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा आणि त्याच्या आतील बारीक नळ्या उभ्या राहतील अशा बेताने तो कापावा, म्हणजे नावेच्या बाजूंना बाक देताना पुठ्ठा मोडत नाही. नळ्या आडव्या राहिल्या तर तो नेमका मधोमध चुरगळतो आणि सारी मेहनत वाया जाते. आतून बांबूच्या कामट्या सुतळीने बांधाव्यात. वरून घोटीव कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा. खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत होती, परंतु मोरचूद विषारी असल्याने जेथे गर्भवती बसणार आणि लहान मुले खेळणार, तेथे ते मुळीच नको. खळ कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ताजी केली की काम भागते. क्रेप कागद दिसायला सुंदर असला तरी पाण्याचा थेंब पडताच रंग सोडतो, आणि ओटीच्या वेळी नवी हिरवी साडी त्याला घासली तर डाग जात नाही. शिडाला जुनी सुती साडी पुरते. ते ज्या काठीला बांधायचे, ती वाळूने भरलेल्या डब्यात घट्ट रोवावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नाव ही केवळ दर्शनी असावी. मुलीने बसायचे ते पाठ असलेल्या भक्कम खुर्चीवर, आणि नावेची एक बाजू चटकन सरकवता यावी, म्हणजे तिला उठावेसे वाटले की कोणाची वाट पाहावी लागत नाही. जमिनीवर निळी साडी पसरून पाणी दाखवण्याचा मोहही टाळावा, कारण तिच्यात हमखास पाय अडकतो. फुलांचे दागिने टाचण्यांनी न अडकवता दोऱ्यात ओवून बांधावेत. रंगकामासाठी ऑइलपेंट वापरू नये, सातव्या महिन्यात त्याचा वास नकोसा होतो. पॅकेजवाल्यांना या गोष्टी सांगाव्या लागतात आणि सांगूनही त्या राहून जातात. घरातली करणारी माणसे मात्र त्या मुलीला ओळखत असल्याने त्यांच्या त्या आपसूकच लक्षात असतात.

या कामाचा आणखी एक गुण आहे, ज्याविषयी फारसे बोलले जात नाही. अजूनही कित्येक घरांत विधवा आत्याला किंवा काकूला ओटी भरण्यासाठी पुढे बोलावले जात नाही. ही रीत माझ्या मते आतापर्यंत मोडीत निघायला हवी होती आणि आमच्या घरी ती निघालीही आहे. परंतु जेथे ती मोडलेली नव्हती, तेथेसुद्धा कागदाची फुले वळायला, कमळाच्या पाकळ्या कातरायला तीच आत्या सर्वांच्या आधी लागत असे, आणि पुरुष मंडळींनाही खिळे ठोकण्यापलीकडे काही करता येते हे याच निमित्ताने कळे. पॅकेज आले की ही सगळी माणसे पाहुणी होतात, वेळेवर येतात, जेवतात आणि निघून जातात.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, आणि त्यात सजावटीचे थर्माकोलही होते. त्यानंतर 1 जुलै 2022 पासून केंद्र सरकारने एकदा वापरून फेकण्याच्या ज्या प्लास्टिक वस्तू देशभर बंद केल्या, त्यांच्या यादीतही सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलक स्पष्टपणे नमूद आहेत. राज्याच्या नियमानुसार पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. तरीही सजावटीच्या दुकानांत थर्माकोलची अक्षरे आणि पाळणे उघडपणे टांगलेले दिसतात. गणपतीच्या मखरांच्या बाबतीत घडीचे पुठ्ठ्याचे मखर बाजारात आले आणि लोकांनी ते स्वीकारलेही. मग घरगुती समारंभांच्या बाबतीतच ही ढिलाई का?

फुग्यांबाबत तर जिवाचा प्रश्न आहे. स्वस्तात तरंगणारे फुगे पुष्कळदा हायड्रोजनने भरलेले असतात आणि हा वायू ठिणगीनेही पेट घेतो. डोहाळजेवणात औक्षण असते, निरांजन असते, आणि ते नेमके त्या मुलीच्या चेहऱ्यासमोरून ओवाळले जाते. अशा ठिकाणी डोक्यावर फुग्यांचे छत बांधणाऱ्याने त्यात कोणता वायू भरला आहे, हे एकदा तरी विचारावे. कागद आणि कापडही जळते, हे मान्यच आहे. म्हणून आमच्याकडे नावेचे शीड नेहमी खुर्चीच्या मागे असते आणि औक्षण पुढून होते.

गुलाबी-निळ्या रंगाविषयी थोडेसे. वाटीखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवण्याचा खेळ आपल्याकडे चालत आला आहे. तो बेकायदा नाही आणि त्याने कोणाला काही कळतही नाही. परंतु ‘मुलगा की मुलगी?’ असा मोठा फलक लावून सारी सजावटच त्या प्रश्नाभोवती रचणे मला खटकते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वप्रथम, 1988 मध्ये, कायदा महाराष्ट्राने केला आणि केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला, तो येथे काय चालले होते म्हणून, हे आपण विसरता कामा नये. बाग, चांदणे, नाव या विषयांत असला प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून दोन विनंत्या करते. नगरपालिका आणि महापालिकांची पथके भाजीवाल्यांच्या पिशव्या तपासतात, तशीच त्यांनी सजावटीच्या साहित्याची दुकाने आणि कार्यालयांची भांडारेही तपासावीत. आणि कार्यालयचालकांनी दरपत्रकातच ‘थर्माकोल वापरले जाणार नाही’ असे छापावे. दुसरी विनंती आपल्यालाच आहे. गणेशोत्सवात आपण मखरांच्या कृती सचित्र छापता, तशाच पुठ्ठा, कापड आणि फुले यांपासून करावयाच्या डोहाळजेवणाच्या सजावटीच्या कृती आपल्या पुरवणीत अधूनमधून द्याव्यात आणि वाचकांकडून जुनी छायाचित्रे मागवावीत. कामट्या कशा बांधल्या होत्या, हे त्यांतून नव्या पिढीला नुसते पाहूनही कळेल.

आपली विश्वासू,
एक वाचक, सांगली