मुक्या सोबत्यांच्या शेवटच्या निरोपासाठी: दहनभट्टी आणि स्मृतिउद्यानाकरिता मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

घरातला कुत्रा किंवा मांजर गेलं की रडायलाही उसंत न देता एक प्रश्न समोर उभा राहतो: आता याला न्यायचं कुठे? बहुधा रात्रीची वेळ असते, मुलं जागी असतात, आणि कुणाला फोन करावा हे सुचत नाही. ज्यांना अंगण नाही, जे भाड्याच्या घरात राहतात, त्यांच्यापाशी पुरण्याचाही पर्याय नसतो. मग मिळेल त्या गाडीतून आपला प्राणी कुणा अनोळखी माणसाच्या हवाली केला जातो आणि पुढे त्याचं काय झालं ते कधीच कळत नाही. त्या एका न कळण्यानं कितीतरी माणसं आतल्या आत झुरत राहतात. म्हणून आमच्या प्राणिमित्र मंडळानं लहान प्राण्यांसाठी दहनभट्टी आणि तिच्या शेजारी एक छोटं स्मृतिउद्यान उभारायचं ठरवलं आहे. त्यासाठी आपली मदत हवी आहे.

दफन वाईट, असं आमचं अजिबात म्हणणं नाही. स्वतःची जागा असेल, जवळ विहीर किंवा ओढा नसेल, निदान तीन फूट खोल खड्डा घेता येत असेल आणि तिथल्या नियमांत ते बसत असेल, तर जरूर पुरावं. मात्र एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. असाध्य दुखण्यातून सोडवण्यासाठी पशुवैद्य जे इंजेक्शन देतात, त्यात बहुतेक वेळा पेन्टोबार्बिटल असतं. मृत शरीरात ते दीर्घकाळ टिकून राहतं. उथळ खड्डा उकरून ते मांस दुसऱ्या कुत्र्यानं किंवा गिधाडानं खाल्लं, तर त्यांच्याही जिवावर बेततं. दहनाच्या उष्णतेत मात्र हे औषध नष्ट होतं.

पाळलेल्या प्राण्याला मानानं निरोप देणं हे आजकालचं खूळ आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू होतं. दातांवरच्या खुणांवरून अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असा, की ते पिल्लू डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारानं आजारी होतं आणि कुणीतरी सांभाळल्यावाचून ते तेवढे दिवस जगूच शकलं नसतं. लंडनच्या हाइड पार्कच्या एका द्वारपालानं १८८१ मध्ये आपल्या घरामागच्या बागेत चेरी नावाचा कुत्रा पुरू दिला. पुढे त्याच बागेत प्राण्यांची शेकडो छोटी थडगी झाली.

आता दहनाविषयी, कारण देणगी मागताना आम्ही नेमकं काय बांधणार हे आपल्याला कळायला हवं. भट्टीत साधारण ८०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमान लागतं. मांजराचं दहन लवकर आटोपतं, मोठ्या कुत्र्याला दोन तास किंवा जास्तही लागतात. भट्टीला दुसरा कक्ष हवा, म्हणजे धूर आणि वास बाहेर पडण्याआधी तिथे जळून जातो. खर्चाचा मोठा भाग याच कक्षाचा आहे आणि त्यात काटकसर करायची नाही, हे मंडळानं आधीच ठरवून टाकलं आहे. शेवटी उरतो तो हाडांतला खनिज भाग, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. तो दळून रक्षा होते. ती वजनाच्या तीन-चार टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे तीस किलोच्या कुत्र्याची साधारण एक किलो.

दहन तीन प्रकारे होतं. एका वेळी एकच प्राणी. एकाच भट्टीत अंतर ठेवून काही प्राणी. किंवा सगळे एकत्र. पहिल्यात घरच्यांना फक्त आपल्याच सोबत्याची रक्षा मिळते. दुसऱ्यात थोडीफार सरमिसळ होतेच. तिसऱ्यात कुणाची रक्षा वेगळी काढता येत नाही. तिन्ही प्रकार योग्य आहेत, पण आपण कोणता निवडतो आहोत ते माणसाला आधी स्वच्छ शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक प्राण्याबरोबर क्रमांक कोरलेली पोलादी चकती भट्टीत जाईल आणि रक्षेसोबत परत येईल. ज्यांना समोर उभं राहायचं असेल त्यांना राहू दिलं जाईल.

स्मृतिउद्यानात नावांची एक भिंत असेल, थोडी झाडं आणि बसायला बाक. झाडाच्या बुंध्याशी रक्षा घालावी, ही इच्छा पुष्कळांची असते. पण नुसती रक्षा फार क्षारयुक्त असते आणि रोप जळतं. ती भरपूर माती आणि कंपोस्टमध्ये मिसळून घालावी लागते. उद्यानात हे काम जाणती माणसं करतील. रस्त्यावर मेलेल्या, कुणीच वाली नसलेल्या प्राण्यांचं दहन विनामूल्य व्हावं आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांना कुणापुढे हात पसरावे लागू नयेत, यासाठी वेगळा निधी ठेवणार आहोत. खरं सांगायचं तर या निधीची आम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे.

पैशांखेरीज इतरही मदत चालेल. चालू स्थितीतला मोठा फ्रीझर, लहान टेम्पो, जुन्या चादरी, रोपं, दगडावर अक्षरं कोरणारा हात, रात्री फोन घेणारे स्वयंसेवक. पशुवैद्यांना विनंती, की आजार हाताबाहेर जातो आहे असं दिसू लागलं की घरच्यांशी या विषयावर हळुवारपणे बोलून ठेवावं. ऐन वेळी निर्णय घेणं फार जड जातं.

आणि कुणाच्या घरी आजच ही वेळ आली असेल तर: काही तासांत शरीर ताठरतं, त्याआधीच पाय अलगद दुमडून ठेवा. खाली टिपून घेणारं कापड घाला, खोली थंड ठेवा. पट्टा काढून घ्या. पंजाचा ठसा किंवा केसांची बट हवी असेल तर दहनाआधीच घ्या, नंतर ते शक्य नसतं. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याला जवळ येऊन हुंगू द्या, मात्र संसर्गजन्य आजारानं मृत्यू झाला असेल तर नको. रेबीजची शंका असेल तर शरीराला हात न लावता आधी पशुवैद्यांना कळवा.

देणगी मंडळाच्या कार्यालयात द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल. भट्टीला परवानगी मिळाली नाही, तर रक्कम परत दिली जाईल किंवा आपल्या संमतीनं जखमी प्राण्यांच्या उपचारासाठी वापरली जाईल. देणगी कितीही असो, सोबत आपल्या सोबत्याचं नाव लिहून द्या. तो वीस वर्षांपूर्वी गेला असेल तरी द्या. ज्यांना आज काहीच देणं शक्य नाही, त्यांनी नुसतं नाव दिलं तरी ते भिंतीवर लागेल.