चेतकचं इंजिन खोलताना

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय पम्या,

काल फोनवर निम्मं सांगायचं राहिलं, म्हणून लिहितोय. तुझ्या चेतक स्कूटरमधून पांढरा धूर भसाभस येतोय म्हणजे बोअर (पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी) गेला, असं लगेच धरू नकोस. आधी गिअर ऑइल भांड्यात काढून मोज. भरलं होतं त्यापेक्षा कमी निघालं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर क्लचकडचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गेलंय आणि इंजिन ते ऑइल पितंय. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. मी मात्र अक्कल पाजळून आधी पिस्टन-रिंगा बदलल्या. पैसे गेले, धूर तसाच!

सील बदलायचं म्हणजे केसिंग, इंजिनाचं बाहेरचं कवच, उघडणं आलं. घाबरू नकोस. आपली जुनी चेतक म्हणजे १९७२ पासूनचं मॉडेल, साधं टू-स्ट्रोक इंजिन. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. पुठ्ठ्यावर केसिंगचा आकार काढ आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच भोक पाडून खोचत जा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते, आणि चार दिवसांनी आपल्याला काही आठवत नाही.

मॅग्नेटचा, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या फिरत्या चकतीचा, नट सुटत नाही म्हणून छिन्नी-हातोडा घेऊ नकोस. प्लग काढ, पिस्टन वर येताना सायलेन्सरकडचं भोक पूर्ण झाकलं की थांब, मग प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सार. टोकाला गाठ मारून ते बाहेर ठेव. पिस्टन दोरीवर टेकतो आणि नट सुटतो. घाई करून आधीच दोरी घातलीस तर ती त्या भोकात अडकून कापली जाईल. मॅग्नेट मात्र पुलरनेच, म्हणजे ओढून काढायच्या हत्यारानेच, काढायचा.

आता माझी फजिती. पिस्टनच्या पिनचं सर्क्लिप (पिन अडवणारी छोटी तारेची क्लिप) काढताना पक्कड निसटली आणि क्लिप टुणकन उडून थेट क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या पोटात. खाली चिंधी कोंबायची असते हे मला माहीत होतं; चिंधी खांद्यावरच होती! दोन तास टॉर्च मारून शोधली. शेवटी मी आणि पोराने इंजिन उलटं धरून गदागदा हलवलं, तेव्हा ती खालच्या परातीत टण्णकन पडली. परात कणकेची होती, त्यावर घरात काय झालं ते भेटल्यावर सांगेन. जुनी क्लिप परत घालू नकोस, दहा-वीस रुपयांसाठी बोअर ओरखडेल.

नवी बेअरिंगं पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. केसिंग डिझेलने धुऊन पूर्ण वाळव, वास राहता कामा नये, मग तव्यावर गरम कर. पाण्याचा थेंब चरचरला की बेअरिंग हाताने बसतं. ठोकून बसवलेलं आयुष्यभर आवाज करतं.

जोडताना रिंगांची तोंडं पिस्टनच्या खाचांतल्या बारीक खिळ्यांवर आणि पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. प्लगला ठिणगी देणारा पॉइंट उघडतो कधी ते बघायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मध्ये धर, मॅग्नेट हळू फिरव. कागद सुटला तोच क्षण.

केसिंगच्या जोडात बसणारं कागदी पॅकिंग मात्र विकतच घे. लग्नपत्रिकेचं कापून मी एकदा हौस भागवली आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतो. पुलर माझ्याकडे आहे, तू परात लपवून ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या